बोटीची मागची फळी

आमच्या बचावबोटीची गंमत ऐका. इंजिन चांगलं वेगवान आणलं, पण ते जिच्यावर अडकवायचं ती बोटीची मागची फळीच तडकलेली. इकडं पाणी चढत होतं, पलीकडच्या वस्तीवर माणसं अडकलेली. दारांच्या चौकटी करणाऱ्या सुतारमामांना म्हणालो, "लवकर मजबूत करा!"

मामांनी सागवानी फळ्या चढवल्या, बोल्ट आवळले, नारळ फोडला. फळी इतकी जाड झाली, की इंजिनाचा क्लॅम्प तिच्यावर बसेचना.

"मामा, थोडी तासा."

"पूजा झाल्यावर रंधा? आमच्यात न्हाय चालत."

"अहो, लोक वाट बघतायत तिकडं!"

"मग वल्ही घ्या की," म्हणत मामाच आधी बोटीत चढले.

वल्हवून खांदे गेले, पण सगळ्यांना सुखरूप आणलं. उतरल्यावर मामांनी रिकाम्या फळीवर थाप मारली.

"बघा, तसूभर हलली न्हाय!"