अर्धं शटर

माझा जन्म दुकानातलाच म्हणा ना. घर मागं, दुकान पुढं, आणि आई सांगायची की मी रांगत पहिल्यांदा उंबरा ओलांडला तो थेट घमेल्यांच्या चळतीवर जाऊन आपटलो. घमेली, फावडी, टिकाव, खिळे, दोरखंड, असलं आमचं दुकान, तालुक्याच्या बाजारपेठेत, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ वसंता शाळेत होता, त्याला मीच वाढवला, म्हणून तो दादा म्हणतो खरा पण मानतो बापासारखं. बाकी सगळं गाव अण्णा म्हणतं. इथं परदेशात मुलाकडं, क्लेमेंटीत, इमारतीखालच्या बाकावर बसणारे चिनी आजोबासुद्धा आता अण्णा म्हणतात, नातीनं शिकवलंय त्यांना.

तुम्ही लिहून घेताय तर आमच्या पेठेची एक रीत आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पेठेतनं कुणाची तिरडी निघाली की प्रत्येक दुकानदार शटर अर्धं खाली ओढतो. गरीब असो, श्रीमंत असो. पूर्ण नाही ओढायचं, अर्धंच, आणि आपण पायरीवर हात जोडून उभं राहायचं. तिरडी वळणाच्या पुढं गेली की शटर वर.

आमदार मी झालो तो फावड्यांमुळं. हसू नका. वाळू काढणारी सगळी माणसं फावडं-घमेलं आमच्याकडनं न्यायची, आणि एका उन्हाळ्यात ती यायचीच बंद झाली, म्हणलं ही माणसं गेली कुठं, नदीवर जाऊन बघतो तर यंत्रं उतरलेली, पात्र खरवडून काढलेलं, काठच्या विहिरी आटलेल्या. मग बोलायला लागलो. बोलता बोलता लोकांनी उभं केलं, निवडून दिलं, आणि मी सभागृहात वाळूचा प्रश्न विचारला. वाळू उपसणाऱ्यांची नावं घेऊन विचारला.

परत आलो, सकाळी पेठेतनं चाललो, तर काय सांगू तुम्हाला, मी जसा पुढं जाईन तसं एकेक शटर अर्धं खाली येत चाललं. खर्र. खर्र. मी मागं वळून बघितलं, म्हणलं कुणाची तिरडी येतीये. मागं कुणी नव्हतं. मीच होतो.

त्यांना कुणी सांगितलं ते कुणी बोललं नाही. समोरचा बन्सी, वह्या-पुस्तकांचं दुकान त्याचं, माझ्या लग्नात पंक्ती वाढल्या त्यानं, तोही हात जोडून खाली बघत उभा. म्हणलं बन्सी, अरे जिवंत आहे मी. तो म्हणाला अण्णा, घरी जा. रोज तेच. आणि मग एका सकाळी बघतो तर सगळी शटरं वर, पूर्ण वर. मी म्हणलं निवळलं बुवा, हिला म्हणलं शिरा कर. त्याच संध्याकाळी नदीच्या रस्त्यावर डंपरनं माझी जीप उडवली. माझा ड्रायव्हर जागीच गेला. माझ्या हातात ही काठी आली ती तेव्हापासनं. तेव्हा कळलं मला, शटरं वर का गेली होती. त्यांच्या लेखी तिरडी पुढं गेली होती.

दवाखान्यातनं उठलो आणि तोच प्रश्न परत विचारला, मुदत संपेपर्यंत विचारला. पुढची निवडणूक हरलो. नंतर ही गेली, मुलगा सुहास म्हणाला बाबा आता चला, दुकान वसंताकडं देऊन इकडं आलो. इथं सुख आहे. लिफ्ट आहे, बस वेळेवर आहे, शनिवारी सुहास लिटिल इंडियात, इथल्या आपल्या लोकांच्या पेठेत, नेतो, तिथं कुणी जेवणासाठी शटर ओढलं तरी माझा हात आपोआप जोडला जातो, दुकानदार म्हणतो, अंकल, क्या हुआ?

वसंताचा रोज व्हिडिओ कॉल असतो. भवानी झाली, पहिलं गिऱ्हाईक पायरी उतरलं, की लगेच मला. तो यंदा उभा राहिलाय. त्याच नदीसाठी, त्याच माणसांच्या पोरांविरुद्ध. मागच्या आठवड्यात मला नवे टिकाव दाखवत होता आणि त्याच्या खांद्यामागं मला बन्सीचं शटर दिसलं. अर्धं. म्हणलं कोण गेलं रे? म्हणाला कुणी नाही, ऊन येत असेल. म्हणलं त्याचं दुकान उत्तरेकडं तोंड करून आहे, त्याला कधी ऊन आलंय, फोन फिरव. फिरवला. ओळीनं सगळी अर्धी.

म्हणाला दादा, तुमचा काळ गेला, आता चौकात कॅमेरे आहेत. सुहास म्हणाला बाबा, काकाला घाबरवू नका, पोलिसांत कळवलंय. नात इथल्या बोलीत म्हणाली, आजोबा, रिलॅक्स लाह. मी वसंताला म्हणलं अर्ज मागं घे, अजून मुदत आहे. तो एवढंच म्हणाला, दादा, तुम्ही घेतला असता? गेली ती मुदत.

आज फोन आला तेव्हा स्वारी खुशीत. दादा बघा, बघा, म्हणत आपणहून फोन फिरवला. सगळी शटरं वर. बन्सी पायरीवर नाही, आत बसून पेपर वाचतोय. वसंता म्हणाला निवळलं दादा, हिला शिरा करायला सांगितलाय. म्हणलं आज नदीच्या रस्त्याला जाऊ नकोस. म्हणाला दादा, संध्याकाळची सभाच नदीपलीकडं आहे, माणसं वाट बघतायत.

माणसं वाट बघतायत म्हणल्यावर मी तरी थांबलो होतो का? म्हणलं जा. सावकाश जा, चार माणसं बरोबर घे.

तिकडं अजून दुपार आहे. फोन इथं समोरच ठेवलाय, तुम्ही लिहा तुमचं. देवानं त्याला सांभाळावं. आणि देवाच्यानं नाही झालं, तर बन्सीनं तरी आज एकदा पायरी उतरून त्याला अडवायला रस्त्यावर यावं.