काळ्या दलदलीची वाट

— नाही, उभं राहून नाही, बसा हो मास्तर, तुमच्या ब्रेकला वेळ लागणार आहे. त्या स्टुलावर बसा, एक पाय लंगडा आहे त्याचा, पण पाडणार नाही. तर काय म्हणत होतात — शुक्रवारी शाळा सुटली की सायकली काढायच्या, रात्र डोंगरावर आणि शनिवारी घरी. छान आहे. तंबू नाही ना नेणार? हां, मग ठीक. नुसती झोपायची पिशवी — आत शिरायचं, गळ्याशी दोरी आवळायची आणि पावसाला म्हणायचं, ये बाबा, काय करायचं ते करून घे. आणि एकटेच का? — मायरिगबरोबर. कुठला मायरिग? अहो, दोन आहेत गावात, म्हणून विचारलं. — शाळेची बस चालवणारा. असं. असं असं. नाही, मला काय वाटायचंय? मोठा माणूस आहे तो, कुणाबरोबरही जाईल. कुणाबरोबरही जातोच म्हणा.

ब्रेकची पॅडं बघा ही, खापरी उरलीय नुसती. तुम्ही कार्डिफची शहरी माणसं, तुम्हाला वाटतं चिखल म्हणजे चिखल. आमचा चिखल ब्रेक खातो. मायरिगनं सांगितलं नाही? एवढं चहाला बोलावून एवढंही नाही सांगितलं? — नाही, मला कुणी सांगायला कशाला हवं, त्याचं घर समोरच आहे, दिसतं. गेल्या रविवारी तुमची सायकल दोन तास टेकलेली होती त्याच्या भिंतीला. मनुकांचा केक केला असेल. केलाच असणार. कोरडा होता ना? कोरडाच करतो, वरून लोणी थापावं लागतं. मी वीस वर्षं सांगतोय त्याला, मनुका आदल्या रात्री चहात भिजत घाल. — काय? मऊ होता? बरं. म्हणजे ऐकू येतं त्याला, माझं सोडून.

थांबा, हँडलला ही निळी सामानाची पिशवी — ही कुणाची? त्यानं दिली. वापरायला दिली. — नाही, चांगली आहे. शिवण चांगली आहे. मी शिवलीय. त्याच्यासाठी शिवली होती, बुडाला दुहेरी कापड घालून, कारण तो ओढ्यात सायकल घालतो ती नांगर घातल्यासारखी. असू द्या, असू द्या, काढू नका. त्यानं दिली ना, मग तुमची. माणूस आपली वस्तू कुणाला द्यावी हे ज्याचं त्यानं ठरवावं.

बरं, नकाशा दाखवा. दोघं एकत्र नाही निघणार — हो, त्याची शेवटची फेरी वरच्या वाड्यांना असते, तो तिकडून परस्पर चढणार आणि तुम्ही इकडून. आणि वर भेटणार, मेंढ्यांच्या पडक्या दगडी कोंडवाड्यात. तीही जागा सांगितली त्यानं. हं. तिथं आडोशाला दोनच माणसं मावतात हेही सांगितलं असेल. — तर वाट ना? सोपी आहे. दुसरं फाटक ओलांडलं की समोर काळी दलदल लागेल. नावाला घाबरायचं नाही. मेंढपाळांची ती चार चाकांची रुंद टायरांची गाडी असते, तिच्या चाकोऱ्या सरळ मधून गेल्यात. चाकोरी धरायची आणि हाणायची. गाडी जाते तिथं सायकल का नाही जाणार? अर्धा तास वाचतो. हो हो, सरळ मधून.

चाकोरीचं काय सांगू तुम्हाला, एक गंमत. गेल्या वर्षी याच दिवसांत दोघं चालले होते, नावं कशाला घ्या. एक म्हणाला कडेनं जाऊ, दुसरा म्हणाला मला शिकवू नकोस, चाकोरी दिसतेय. आणि गेला. ती गाडी तरंगते हो चिखलावर, आपलं सायकलीचं टायर म्हणजे लोण्यात सुरी. कमरेपर्यंत गेला तो माणूस. पायाखाली काही नाही, हलावं तर आणखी खाली. मग तो कडेनं जाऊ म्हणणारा — पोटावर झोपला. साठीचा माणूस, सायकल आडवी टाकली, तिच्यावर पोट टेकलं आणि सरकत आला. पाऊण तास ओढत होता. शेवटी मी निघालो, पण विजार — म्हणजे तो माणूस निघाला, विजार तिथंच राहिली. हो, मीच तो, हा इडवल. गावाला ठाऊक आहे, तुम्हाला आज ना उद्या कळलंच असतं. त्या रात्री माझे दात वाजत होते तर मायरिगनं मला स्वतःच्या पिशवीत घेतलं, एका पिशवीत दोन म्हातारे. आणि आठ दिवसांनी पबमध्ये उभा राहून सगळ्यांना सांगितलं. अभिनय करून. विजारीसकट. मीसुद्धा हसलो असतो, पण माझ्याकडे बघून हसायला लागले सगळे, आणि मी म्हणालो, तुझ्याबरोबर पुन्हा चिखलात झोपायला मी काही वेडा नाही, वय झालं माझं. बोललो. माणूस बोलतो. त्यावर दुसऱ्यानं येऊन म्हणावं की नाही, चल रे, पुरे झालं? दर सप्टेंबरला तो नकाशा घेऊन यायचा आणि इथं, या बाकावर पसरायचा, विचारायचा वगैरे नाही कधी. यंदा नाही आला. तुम्ही आलात.

काय? — नाही, ते बरोबर, तुम्ही वेळेवर नाही पोचलात तर तो थांबणार नाही, शोधायला येईल. दिवा घेऊन येईल. तो येतोच. आणि उजवा कान गेलाय त्याचा, तुम्ही हाका मारत बसाल आणि तो भलतीकडेच — आण इकडे तो नकाशा. अरे आण म्हणतो ना. चाकोरीनं जायचं नाही, ऐकलंस? मी सांगितलं ते खोटं होतं. का ते विचारू नकोस, तू मास्तर आहेस, पोरं का खोटं बोलतात ते तुला कळत असेल. दुसऱ्या फाटकापासून डावीकडे, कुंपणाला धरून. लव्हाळा दिसेल तिथं चाक भिजेल पण आधार मिळेल. गवतावर कापसासारखी पांढरी बोंडं दिसली की उतरायचं आणि चालायचं. आणि पोपटी हिरवं, मऊ, गादीसारखं शेवाळ दिसलं तर तिकडे पाऊलही नाही. अर्धा तास उशीर होऊ दे. आणि झोपताना त्याच्या डाव्या अंगाला झोप, म्हणजे हाक मारलीस तर ऐकू येईल. पहाटे पाय आखडतात त्याचे, तो सांगणार नाही, चहा आधी त्याला दे.

झाली तुमची सायकल. घ्या. — काय म्हणालात? त्यानं आधीच सांगितलं होतं? काय सांगितलं होतं? — इडवलकडे जा. तो आधी चुकीची वाट सांगेल. घाई करू नको, बसून राहा, ब्रेक होईपर्यंत बरोबर सांगेल.

असं म्हणाला.

आणि हे म्हणताना हसत होता का? — नाही?

...दार ओढून घ्या जाताना. वारा येतो.