डब्यावर बांधलेला नग

अठ्ठ्याण्णव साल. केजच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीसाठी उभा होतो. मागं दोघं बोलत होते.

"आप्पा, हार्डवेअरचं दुकान बंद ठेवून कुठं निघालात?"

"पुण्याला. आमच्या कावेरीच्या कंपनीनं बलावलंय, कल्याणराव."

"तुमाला? कावून?"

"इन्व्हर्टरची कंपनी, लई वाढली. समदी खाती एकाच कॉम्प्युटरवर आणायचं काम कावेरीकडं दिलं. पण एकाच स्क्रूला खरेदीवाल्यांचं एक नाव, स्टोअरचं दुसरं, कारखान्याचं तिसरं. कॉम्प्युटर तीन वस्तू धरायचा. सा महिने नुसती भांडणं."

"मग?"

"पोरीनं आपल्या दुकानावानी केलं. हरेक डब्यावर आतला एक नग बांधला. म्हणली, नावं सोडा, वस्तू बघा अन् एकच नंबर द्या. पंधरा दिवसांत काम सुरू! सायब म्हणले, हे तुला ज्यांनी शिकवलं त्यांना घेऊन ये."

"दुकानात बसून शिकली म्हणायची."

"तर! पोरीला दुकानात बसवू नका, लोक हसतील, असं कोण म्हणलं होतं?"

"...मीच की."

"व्हय, मी इसरलो न्हाई."

"आप्पा, आमची स्वप्नाली सुट्टीत मोकळीच हाय. उद्यापासून पाठवू का दुकानात?"

"उद्या दुकान बंद हाय. परवा पाठवा."