बाबागाडीतला भोपळा

एक होता साहेब, एक होती त्याची मडम, आणि अनाथाश्रमातून त्यांनी दत्तक घ्यायला आणलेली एक होती छोटी चंपा. परदेशातून येऊन बडोद्यात मांजलपूरला आमच्याच वरच्या खोलीत उतरले होते. दत्तकाचं कोर्ट उद्या होतं, म्हणून शहर बघायला निघाले, मला आणि सुनेला घेऊन.

चंपा बाबागाडीत बसली आणि रडायला लागली, ती राजवाड्यापाशीही थांबेना. खंडेराव मार्केटात मडमच रडकुंडीला आली. सुनेला म्हणाली, "हिला मी नकोय. उद्या जजसाहेबांनाही ते दिसेल."

भाजीवाली म्हणाली, "बेन, छोकरीने तेडी लो ने."

मीही तेच म्हटलं, "अगं, उचलून घे तिला. आश्रमातल्या आयाबायांच्या कडेवर वाढलेलं पोर ते. गाडीत एकटं कसं राहील?"

सुनेनं मडमेला ते इंग्रजीत समजावलं. मडमेनं पोर गाठोड्यासारखं पोटाशी धरलं. मी तिला कंबर बाजूला काढायला लावली आणि चंपाला कडेवर बसवलं. थोड्या वेळात चंपा तिच्या खांद्यावर झोपली.

साहेब विचारतो, "मग या गाडीचं काय करू?"

मी तीत लाल भोपळा ठेवला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात चंपानं मडमेची मान सोडलीच नाही. पोरगी त्यांना लाभली आणि गाडी मला. भाजी अजून तीतूनच आणते.