दोन चमचे दूध

ठकू: झाकण हरलं! आई, झाकण आधी बोललं!

आई: ऐकलं गं. खडखडतंय मेलं. तू मागे हो, वाफ येईल अंगावर.

ठकू: फोन येईपर्यंत गप्प बसायचं असं ठरलं होतं ना? मी बसले होते. झाकणच नाही बसलं.

आई: जिंकलीस बाई. आता घड्याळ बघ. मोठा काटा चारावर गेला की सांग.

ठकू: मग गॅस बंद?

आई: मग गॅस बंद. आणि पंपाचे तुकडे चिमट्याने काढून स्वच्छ टॉवेलवर सुकत ठेवायचे. बोट कुणी लावायचं नाही.

ठकू: तुझ्या दुधाच्या पंपाला दिवसातून आठ वेळा अंघोळ, आणि मला एकदा.

आई: ती एकदाची घालतानासुद्धा सगळी इमारत गोळा करतेस तू.

ठकू: आई, आज सिस्टर म्हणतील का, दवाखान्यात बाळाला बघायला या म्हणून?

आई: बघू.

ठकू: बाबांचं बघू म्हणजे हो असतं. तुझं बघू म्हणजे नाही.

आई: माझं बघू म्हणजे मलाच माहीत नाही.

ठकू: कालपण बघू होतं. परवापण. तिथलं दार बंद होऊन नऊ दिवस झाले, मी बोटांवर… वाजला! आई, वाजला! मीपण ऐकणार!

(आई फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवते.)

सिस्टर: सहा नंबरच्या आई ना?

आई: हो सिस्टर, मीच. कसा आहे?

सिस्टर: चांगलं आधी सांगते. आज वजन तेराशे चाळीस ग्रॅम. काल तेराशे दहा होतं.

ठकू: तीस वाढलं!

सिस्टर: अगंबाई, गणिताच्या बाईपण आहेत वाटतं फोनवर.

आई: ताई आहे त्याची. ऐकू दे तिला.

सिस्टर: ऐकू दे की. आणि तुम्ही ऐका, परवा त्याच्या अंगावरून कापसाच्या काडीने नमुना घेतला होता ना, तो स्वच्छ आला. वॉर्डात पसरलाय तो जंतू त्याच्यावर नाही.

आई: नाही ना? नक्की?

सिस्टर: दोनदा वाचला मी कागद.

आई: मग येऊ मी?

सिस्टर: ताई…

आई: आत नाही. काचेपर्यंत. लांबून बघते आणि फिरते मागे.

सिस्टर: बाहेरचा बोळसुद्धा बंद केलाय. काल आणखी एकाच्या नमुन्यात सापडला. पाच झाले आता.

आई: कोण?

सिस्टर: ते नाही सांगता येत.

आई: चार नंबर? चष्मेवालीचा? सिस्टर, आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. काल तिने माझा फोन उचलला नाही.

सिस्टर: मला विचारू नका हो. मीच तुम्हाला काहीतरी विचारायला फोन केलाय. जंतू येतोय कुठून, तेच सापडत नाहीये. आमचे सगळ्यांचे हात तपासले, औषधं तपासली, बाळांच्या काचपेट्या, पाण्याची टाकी, आतली सगळी बेसिनं. काही नाही. आणि ते सापडेपर्यंत दार उघडायचं नाही म्हणतात. म्हणून आज एकेका आईला विचारतेय. आयांच्या खोलीत तुम्ही काय काय करत होता? वेगळं असं काही?

आई: वेगळं काय करणार? चपला बदलायच्या. अंगठी काढायची. कोपरापर्यंत हात धुवायचे. पंप लावायचा, बाटलीवर नंबर टाकायचा, बाटली फ्रीजरमध्ये. मग परत हात धुवायचे आणि आत यायचं त्याच्याकडे.

सिस्टर: बस?

आई: बस.

सिस्टर: बरं. मग सहा नंबरपुढे “काही नाही” असं लिहिते.

आई: सिस्टर, थांबा. लिहू नका.

सिस्टर: थांबले.

आई: बाटली भरली की पंपाच्या कपात दोनेक चमचे उरायचं. उरलेलं दूध डब्यात टाकावं, असा कागद लावलाय तुम्ही भिंतीवर. हिरव्या अक्षरात. रोज समोर असायचा, पाठ आहे मला.

सिस्टर: मग?

आई: नाही व्हायचं माझ्याच्याने. त्या डब्यात वापरलेले हातमोजे, कापसाचे बोळे, आणि त्यात दूध? पाऊण पाऊण तास बसून थेंब थेंब काढलेलं. मी ते बेसिनमध्ये ओतायचे. वरून नळ सोडायचे. वाहत्या पाण्याबरोबर गेलं की वाटायचं, फेकलं नाही, सोडलं. वेडेपणाच की.

सिस्टर: हात धुवायच्या बेसिनमध्ये?

आई: तिथं दुसरं होतं कुठं? कपही त्यातच विसळायचे. आणि नुसती मी असते तर एक वेळ… चष्मेवाली पहिल्या दिवशी त्या डब्यासमोर कप धरून रडत उभी होती. मीच शहाणी तिला म्हटलं, अगं, इकडे आण, पाण्यात सोड, बरं वाटतं. मग तीपण तसंच करायला लागली. मग जुळ्यांची आई. नंतर तर कुणी नवीन आली की आम्हीच दाखवायचो तिला.

सिस्टर: सगळ्याच जणी?

आई: जवळजवळ. तुमची चाहूल लागली की नळ मोठा सोडायचो.

सिस्टर: तरीच. मला वाटायचं, या बायका काय घासून घासून हात धुतात!

आई: हसू नका हो.

सिस्टर: हसत नाहीये, ताई. ऐका. बेसिनखाली वाकडा पाइप असतो, त्यात थोडं पाणी कायम साचलेलं असतं. तिथं जंतू असतातच. त्यांना दूध मिळालं की त्यांची चंगळ. आणि वरून नळ मोठा सोडला की तिथलेच बारीक शिंतोडे उडतात. कपांवर. हातांवर.

आई: धुतलेल्या हातांवर.

सिस्टर: हो.

आई: आणि तेच हात घेऊन आम्ही आत यायचो.

सिस्टर: अंगावर आलेला जंतू नमुन्यात दिसायला कधीकधी आठ-दहा दिवस लागतात. पण हे झालंच असं अजून म्हणता येत नाही. नमुना घेतील, दोन दिवस लागतील. पण आयांच्या खोलीचं बेसिन आम्ही बघितलंच नव्हतं. ती खोली दाराबाहेर, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि तो कागद मीच लिहिलाय. “दूध डब्यात टाकावं” लिहिलं, का टाकावं ते नाही लिहिलं. वाटलं, सांगितलं म्हणजे झालं काम.

आई: चार नंबरला काही झालं ना, तर मी तिच्यासमोर…

सिस्टर: सकाळी कुणीतरी माझं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. सोडेचना. नंबर सांगत नाही. पण तुम्ही ज्याची काळजी करताय, त्याचीच गोष्ट आहे.

आई: तिला मी सांगू का, की हे माझ्यामुळे…

सिस्टर: आज काही सांगू नका. नमुना येऊ दे. आत्ता फोन ठेवला की आधी त्या खोलीला कुलूप घालते.

आई: आणि माझ्या बाटल्या? त्याच फ्रीजरमध्ये आहेत.

सिस्टर: घरून रोज येतं ते पुरतंय त्याला, म्हणून त्या तशाच राहिल्यात. पण आता… टाकाव्या लागतील.

आई: अकरा आहेत.

सिस्टर: माहीत आहे. मी टाकीन. दुसऱ्या कुणाला नाही टाकायला सांगणार.

आई: डब्यात?

सिस्टर: डब्यातच, ताई.

ठकू: आई, काटा! काटा चारावर!

आई: हो हो. बंद केला गॅस.

सिस्टर: उकळणं नीट चाललंय म्हणजे.

ठकू: मी काट्यावर असते!

सिस्टर: मग मला चिंताच नाही. ठेवू का ताई?

आई: एक मिनिट. फोन आत नेता येईल? त्याच्या पेटीपाशी? मी काही बोलत नाही बसणार, एक हाक मारते फक्त.

सिस्टर: फोन नाही हो नेता येत. फोनवर किती काय काय असतं. पण निरोप नेते ना मी. सांगा, जसाच्या तसा सांगेन.

आई: नको.

सिस्टर: का हो?

आई: तुमच्या आवाजात जाईल. राग मानू नका.

सिस्टर: राग कसला त्यात.

ठकू: माझा न्या! माझा तुमच्या आवाजात चालेल! त्याला सांगा, ताईचा पुढचा दात पडलाय. त्याला आला की मला थोडे दिवस उसना दे म्हणावं.

सिस्टर: सांगते. तो नाही म्हणणार नाही, स्वभावाने गरीब आहे.

आई: गरीब आहे का?

सिस्टर: तसा गरीब. पण नळी बदलताना भुवया अशा वर करतो, जसं काही आम्हीच त्याच्या घरी न विचारता आलोय.

आई: हे मला माहीतच नव्हतं.

सिस्टर: हल्लीच शिकलाय.

आई: दार कधी उघडेल, सिस्टर?

सिस्टर: जागा सापडली, साफ झाली, आणि पुढे लागोपाठ दोन आठवडे कुणाच्याही नमुन्यात आला नाही, की मग.

आई: म्हणजे अजून चौदा दिवस.

सिस्टर: चौदा तरी. पण तुम्ही बोलला नसता, तर हे चौदा सुरू कधी होणार, तेच कळलं नसतं. ठेवते.

ठकू: गेल्या. आई, रडतेस?

आई: वाफ गेली डोळ्यांत.

ठकू: गॅस तर बंद केलास.

आई: चिमटा दे. टोकाला नको धरूस, असा दांड्याला धर. शहाणी.

ठकू: भुवया वर करतो म्हणजे कसा? असा?

आई: मी नाही पाहिलं गं.

ठकू: तू त्याला किती वेळा घेतलंयस?

आई: एकदा. वीस मिनिटं. छातीवर ठेवला होता सिस्टरांनी.

ठकू: आणि सिस्टर किती वेळा घेतात?

आई: दर तीन तासांनी.

ठकू: हातमोजे घालून?

आई: मोजे घालून. आता सगळ्यांनाच घालावे लागतात.

ठकू: मोज्यांचा हात कसा लागतो?

आई: गुळगुळीत. गारसर.

ठकू: मी एवढी होते तेव्हा तू घालायचीस मोजे?

आई: छे. तू तर अंगावरून उतरायचीच नाहीस. एका हाताने कणीक मळायचे मी.

ठकू: म्हणून मला कळलं, की ही आई.

आई: हं.

ठकू: मग त्याला काय वाटत असेल गं? आई म्हणजे ते मोजे?