बेंबळीच्या टेकाडावरचा डबा

न्हाय, तुम्हीच सांगा, ज्याचं काईच हरवलं न्हाय त्यानं हुडकायचं कशाला? बत्तीस वर्षं लोहाऱ्यात कारकुनी केली म्या, फाइली हुडकल्या, पण त्या खरंच हरवलेल्या असायच्या! अन् आता रिटायर झाल्यावर पोरगी पुण्याहून येते, समृद्धी, अन् म्हणते, अप्पा, घरात बसून नुसतं आईवर चिडता, चला, जिओकॅशिंग करू. म्हणलं, ही कुठली नवी पूजा? तर म्हणे खेळ हाय. जगभर लोक डबे लपवतात, जागेचा ठावठिकाणा फोनवर टाकतात, दुसऱ्यांनी जाऊन हुडकायचं. डब्यात काय? वही. तिच्यात नाव लिहायचं अन् डबा होता तिथं परत ठेवायचा. घरी काय आणायचं? काईच न्हाय... मग हुडकायचं कशाला?

तर तुम्हाला सांगतो, गेलो मोटारसायकलीवर. बेंबळीच्या पुढं टेकाड. फोन म्हणतोय अजून बारा पावलं, बारा चाललो तर म्हणतोय मागं आठ... त्याचंच ठरंना! इस्त्रीच्या पँटीत गुडघे टेकून एकेक दगड उलथतोय म्या, अन् मागनं शेजारच्या रानातले नानासाहेब विचारतात, "काय हरवलंय, पावणं?"

आता काय सांगू? काईच हरवलं न्हाय! म्हणलं, डबा हुडकतोय. डब्यात काय? वही. त्यानं हळूच आमच्या गाडीची चावी काढून घेतली.

"गुप्तधनाला आलाव न्हवं?"

पाच-सहा जण गोळा झाले. एकजण माझ्या खिशात लिंबू-कुंकू हुडकायला लागला. समृद्धीनं समजवायला फोन दाखवला, तर त्यात नकाशा, नकाशावर खूण... म्हणजे झालंच की! म्हणलं, मी सरकारी माणूस. तर म्हणतात, मग तर पक्कंच. पोरीसमोर कुणी चोर म्हणलं नव्हतं हो कधी. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. समृद्धीनं गुमान माझा हात धरला, लहानपणी बाजारात धरायची तसा.

तेवढ्यात शेळ्या घेऊन सारजाबाई आल्या. भांडण ऐकलं, अन् म्हणाल्या, "हिरवा डबा व्हय? त्यो माझ्या घरी हाय."

शेळ्या पाडत्यात म्हणून चार महिन्यांमागं उचलून नेला होता. कुणीतरी मागायला येईल म्हणून फडक्यात बांधून ठेवलेला! सगळी वरात त्यांच्या घरी. नानासाहेबांनी वहीचं पान न् पान उलटलं, शेवटचा पुठ्ठासुद्धा वाकवून बघितला, अन् मग पेन मागितलं. पण सारजाबाई म्हणाल्या, मला घावला, आधी माझं नाव. एकेक अक्षर जुळवत लिहिलं. मग नानासाहेबांनी, मग त्या लिंबूवाल्यानं... माझा नंबर सातवा!

चावी मिळाली. पण डबा टेकाडावर ठेवू देईनात बाई, शेळ्या पुन्हा पाडतील म्हणे. अन् त्यांच्याकडं फोन न्हाय. मग समृद्धीनं काय करावं? दगडाखाली चिठ्ठी ठेवली, 'डब्यासाठी फोन करा', अन् खाली नंबर... माझा!

ती गेली पुण्याला. आता कधी सोलापूरवाले, कधी लातूरवाले, ऐन जेवताना फोन, "काका, डबा कुठंय?" सांगतो बापडा, खाली उतरा, तिसरं घर, सारजाबाई. अन् भाकरी खाऊनच जावा, त्याबिगर डबा देत न्हाईत त्या.