शालनताईंचा निवाडा

मंडळी, टाळ जरा विसावू द्या. एक साधा प्रश्न विचारतो. ज्याला एखादी गोष्ट फार सुंदर येते, तो ती सुंदर शिकवतो, असं असतं का हो? बघा, माना डोलल्या लगेच! थांबा. आधी ऐका, मग डोलवा.

गोष्ट आहे पत्त्यांची. अहो, मागच्या खांबापाशी बसलेल्यांचे डोळे एकदम चमकले! जुगार नव्हे, बाबांनो. जादू! पत्त्यांची जादू!

कऱ्हाडला शालनताई देशिंगकर म्हणून एक बाई. यजमान पद्माकर, जादूगार. दोघं जोडीनं गावोगाव प्रयोग करायची. पुढं पद्माकर गेले, ताईंच्या बोटांना कंप सुटला, प्रयोग थांबले. मूलबाळ नाही. पण पद्माकरांनी घडवलेला एक शिष्य होता, निनाद. आता स्वतःचे प्रयोग करायचा, आणि संध्याकाळी चहाला ताईंकडे हजर! ताईंना तो लेकच.

तर झालं काय, हौशी जादूगारांच्या मंडळानं स्पर्धा ठेवली. हल्ली सगळं मोबाईलवर शिकतात ना! लोणचं मोबाईलवर, योगासनं मोबाईलवर. कीर्तनसुद्धा! तिथं बुवाला मध्येच थांबवून भाजी फोडणीला टाकता येते. इथं नाही जमायचं, बसा! हां, तर पत्त्यांची जादू शिकवणारे व्हिडिओ मागवले. जो सगळ्यात चांगलं शिकवेल, तो मंडळाच्या नव्या वर्गाचा गुरुजी. आणि निवाडा कुणी करायचा? शालनताईंनी!

ताई म्हणाल्या, "अहो, निनादही आहे स्पर्धेत. मी कशी बसू?"

मंडळाचे लोक म्हणाले, "ताई, तुमच्या न्यायावर आमचा भरवसा आहे."

मंडळी, भरवसा म्हणजे केवढं ओझं! विचारा ज्याच्यावर पडलंय त्याला.

जादू सगळ्यांना एकच नेमून दिलेली. पाहणाऱ्याचा पत्ता गड्डीच्या मधोमध घालायचा, चुटकी वाजवायची, की पत्ता वर! गुपित सांगतो, बाहेर बोलू नका. वरचे दोन पत्ते, एकच आहे असे भासवून उचलायचे. मधे जातो तो भलताच. खरा वरच बसलेला असतो!

ताईंनी निनादचा व्हिडिओ लावला. काय तो हात! लोण्यासारखा! मनगट वळवायची ढब थेट पद्माकरांची. ताईंचे डोळे भरून आले. पदर लावला डोळ्यांना आणि मनात म्हणाल्या, झाला निवाडा.

तेवढ्यात शेजारच्या कुमुदवहिनी वाटी परत करायला आल्या. ताईंना काय वाटलं कोण जाणे, गड्डी त्यांच्या हातात दिली. "वहिनी, हे बघून करून बघा बरं."

वहिनींनी बघितलं. केलं. पत्ते भुईवर! पुन्हा बघितलं, पुन्हा पत्ते पलंगाखाली! शेवटी गड्डी ठेवली आणि म्हणाल्या, "जाऊ दे हो शालनताई. माझीच बोटं अडाणी."

ताईंना ते खटकलं. शिकायला बसलेली बाई स्वतःला नावं ठेवून उठते? त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी डोळे कोरडे ठेवून. आणि दिसलं! दोन पत्ते करंगळीनं अलग करायचे, तीच तर खरी मेख. आणि नेमक्या त्या क्षणी कॅमेरा निनादच्या हसऱ्या चेहऱ्यावर!

मग लावला वसईच्या डाबरेबाईंचा. मागं कुकरची शिट्टी वाजतेय, उजेड बेताचा. पण बाईंनी कॅमेरा हाताच्या मागं ठेवलेला. म्हणतात, "करंगळी इथं ठेवा. इथंच पत्ता निसटणार. बघा, माझाही निसटला. उचला, परत करूया."

कुमुदवहिनींनी केलं. निसटला. परत केलं. आणि बदामची राणी आली की वर! वहिनी टाळ्या पिटून हसायला लागल्या. ताई मात्र हसल्या नाहीत. आता काय करायचं, ते त्यांना कळून चुकलं होतं.

निवाडा दिला. डाबरेबाई!

संध्याकाळी निनाद आला. चहाला हात लावला नाही. "काकू, माझ्या हातात काय खोट निघाली? काकांचाच हात आहे हा!"

"हातात खोट नाही रे," ताई म्हणाल्या. "वहिनींना शिकव. माझ्यासमोर."

कुमुदवहिनी भीत भीत बसल्या. एकदा जमलं होतं, पण निनादसमोर पहिल्याच फटक्यात पत्ते पडले. निनादनं ते गोळा केले, "अहो असं नाही, द्या इकडे," आणि स्वतः करून दाखवलं. वहिनींनी घेतलं, चुकलं. "द्या इकडे!" पुन्हा त्यानंच करून दाखवलं.

ताई हळूच म्हणाल्या, "निनाद, पत्ते कुणाच्या हातात आहेत?"

त्यानं खाली बघितलं. कान लाल झाले. उठला आणि चालता झाला.

पुढं कैक दिवस तो फिरकला नाही. ताई चहा टाकताना दोन कप घ्यायच्या आणि एक परत ठेवायच्या. मंडळी, खरं बोलल्यावर लेकासारखं माणूस दुरावतं, तेव्हा खरं बोललो याचं समाधान पुरत नाही हो! रोज वाटायचं, फोन करावा, म्हणावं, चुकलं माझं. पण चुकलं नव्हतं. मग काय म्हणणार?

आणि एका संध्याकाळी दारात निनाद! आत आला तो थेट म्हणाला, "काकू, वहिनींना बोलवा."

वहिनी आल्या. या वेळी तो समोर बसला नाही, शेजारी बसला. दोन्ही हात मांडीखाली दाबून! पत्ता पडला. तो गप्प. पुन्हा पडला. गप्प! ओठ चावतोय, पण हात बाहेर नाही. नुसतं म्हणाला, "करंगळी जरा अलीकडे घ्या, वहिनी. हां. सावकाश." आणि आला पत्ता वर! वहिनींचं तोंड फुललं, पण त्याहून निनादचं! ताई म्हणाल्या, "दुसऱ्याला जमलं म्हणून फुललेलं हे तोंड तुझ्या व्हिडिओत नव्हतं रे." आणि चहा टाकायला उठल्या.

आता माझ्याकडे नका बघू, स्वतःकडे बघा. म्हातारे वडील विचारतात, "बाळा, फोटो कसा पाठवायचा?" तुम्ही काय करता? फोन ओढून घेता, टकटक करता आणि परत देता. "घ्या, गेला!" अरे, फोटो गेला, पण शिकवलंस काय? त्या माऊलीनं पुन्हा विचारायचं सोडून दिलं, ते कळलं तुला? नवी सून भाकरी थापते, चिरते, आणि सासूबाई परात ओढतात! खाली बघू नका, सासूबाई. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

देवानं तरी आपल्याला कसं शिकवलं हो? आपण रोज चुकतो. तो शेजारी बसून असतो, धीर धरून. तेवढा धीर आज घरी घेऊन जा. आणि आता उचला टाळ. ज्याला ताल येत नाही, त्यानंही! चुकला तर चुकू द्या, पण वाजवा तुमचा तुम्ही!